मुलांच्या हाती खुरपे : वेठ की शिक्षण?

आपल्या वस्तीतील एखाद्या माउलीला सहज सांगून पाहावे, "ताई, रविवारी मुलाला बागकामाला पाठवा." तिचे उत्तर बहुधा ठरलेले असते. मला ते गेल्या पावसाळ्यात मिळाले. "भाऊ, आमची जिनगानी निंदण्या-खुरपण्यात गेली. पोराले शाळेत धाडलं ते याच्यासाठीच काय?" त्या वेळी माझ्याजवळ याला उत्तर नव्हते. प्रश्न चुकीचा होता असेही म्हणता येत नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या ताईंना उशिरा दिलेले उत्तर आहे, असे वाचकांनी समजावे.

हा विषय आज मांडण्याचे कारण असे की, शाळेची बाग आता केवळ एखाद्या शिक्षकाच्या हौसेची गोष्ट राहिलेली नाही. २०१९ साली केंद्र सरकारने शाळांमधील पोषण-बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. मध्यान्ह भोजनाच्या योजनेला २०२१ साली 'पीएम पोषण' हे नाव मिळाले. शाळेच्या आवारात पिकलेली भाजी मुलांच्या ताटात यावी, ही अपेक्षा या नव्या योजनेतही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या दिवसांत सुतारकाम, कुंभारकाम, बागकाम अशा कामांची प्रत्यक्ष ओळख व्हावी, असे सुचविले आहे. म्हणजे आपली मुले बागेत जाणार हे जवळजवळ ठरलेले आहे. ती मजूर म्हणून जाणार की विद्यार्थी म्हणून जाणार, एवढेच ठरायचे बाकी आहे. ते ठरविण्यात पालकांचा आणि समाजातील शिकलेल्या माणसांचा वाटा असला पाहिजे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

जोतीरावांची मागणी

शाळेला जोडून शेती असावी हा विचार सरकारी परिपत्रकातून जन्मलेला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे मागितले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. खेड्यातील शाळेजवळ एक लहानसे नमुन्याचे शेत असावे, तेथे मुलांना प्रत्यक्ष शिकविले जावे, म्हणजे देशाचे मोठे कल्याण होईल, असेही त्यांनी त्यात मांडले.

हे कोण सांगत होते ते लक्षात घ्यावे. शूद्रातिशूद्रांच्या घामावर इतरांनी कशी चैन केली हे ज्यांनी उभ्या महाराष्ट्राला दाखविले, आणि पुढच्याच वर्षी ज्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला, तेच जोतीराव शाळेत शेत मागत होते. शेतमजुराचे मूल शेतमजूरच राहावे असा त्यांचा हेतू असणे शक्य नाही. जो राबतो त्याच्याकडे ज्ञान नाही आणि ज्याच्याकडे ज्ञान आहे तो राबत नाही, ही फारकत त्यांना मोडायची होती, असाच त्या मागणीचा अर्थ मी घेतो.

इतर ठिकाणीही विचारवंतांनी हीच वाट धरली. जर्मनीतील फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे 'मुलांची बाग', हे नाव दिले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा असे आणि सर्वांचे मिळून काही सामाईक वाफे असत. आपण आज 'के.जी.'त मूल घालतो, फी भरतो, पण त्या नावातली बाग मात्र विसरून गेलो आहोत. आपल्या विदर्भात १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम पुढे आली. सेवाग्राम येथे २००५ साली पुन्हा सुरू झालेल्या 'आनंद निकेतन' शाळेत शेती व बागकाम हा शिक्षणाचाच भाग आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. तेथे गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. मुलाच्या कामाला कमी न लेखता त्यातूनच धडा काढायचा, ही दृष्टी तिच्यामागे होती.

वेठ कशाला म्हणावे?

असे असले तरी ताईंचा प्रश्न उरतोच. तो उरतो, कारण आपल्या अनेकांच्या आठवणी वेगळ्या आहेत. मी पाचवीत असताना शाळेमागे फुलझाडांचे वाफे होते. त्यांना पाणी घालायला आणि गवत उपटायला ठरावीक मुलेच बोलावली जात. ती कोणती, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आम्ही बादल्या वाहत असू तेव्हा वर्गात अपूर्णांकांचा तास चालू असे. फुले फुलली की ती कार्यालयातील टेबलावर जात. त्या झाडांची नावेसुद्धा आम्हाला कोणी सांगितली नाहीत. अपूर्णांक मी पुढे बँकेच्या परीक्षेची तयारी करताना एका मित्राकडून रात्री बसून शिकलो.

तेव्हा वेठ आणि शिक्षण यांतला फरक ओळखण्यासाठी मी चार कसोट्या ठरविल्या आहेत. पालकांनी त्या शाळेत जाऊन लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी : काम सर्वांनी करावे. सरपंचाच्या, डॉक्टरांच्या आणि मजुराच्या मुलांची पाळी एकाच तक्त्यावर असावी. मुलींनी झाडायचे आणि मुलांनी पाणी सोडायचे असा भेदही नसावा. शिक्षकांनीही हाताला माती लागू द्यावी.

दुसरी कसोटी : बागेचा तास दुसऱ्या कोणत्याही तासाचा बळी घेऊन होऊ नये, आणि शिक्षा म्हणून तर कधीच होऊ नये. गृहपाठ केला नाही म्हणून गवत उपटायला लावले, की त्या मुलाच्या मनात गवत, माती आणि अपमान यांची कायमची गाठ बसते.

तिसरी कसोटी : पिकलेले कोणी खाल्ले? ज्यांनी पिकविले त्यांच्या ताटात ते आले पाहिजे.

चौथी कसोटी : मुलाला 'का?' विचारता येते काय? बी इतक्याच खोलीवर का? पाने पिवळी का? मजुराला फक्त हुकूम मिळतो, विद्यार्थ्याला कारण मिळते. चारही कसोट्यांमध्ये ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात शाक्यांच्या वप्रमंगल या पेरणीच्या सणाचा उल्लेख केला आहे. त्या दिवशी प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरायचा अशी रीत होती आणि सिद्धार्थही नांगर धरीत असे. विद्वान असूनही तो शरीरश्रमाला हलके मानीत नसे, हे बाबासाहेबांनी आवर्जून नोंदविले आहे. येथे 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्वांनी केलेल्या श्रमाला प्रतिष्ठा असते. काहींवर लादलेल्या श्रमाला ती कशी असणार?

पावसाळा : वर्षावासाचे तीन महिने

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाकडे वळू. आपल्याकडे मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागते, तर विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत आषाढ पौर्णिमा येते आणि वर्षावास सुरू होतो. पावसात हिरवे कोंब आणि लहान जीव पायाखाली तुडवले जातात अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून भगवंतांनी भिक्खूंना तीन महिने एका ठिकाणी राहण्यास सांगितले, असे विनयात आले आहे. कोवळ्या रोपासाठी पाऊल थांबविण्याची ही शिकवण मुलांना वाफ्याशेजारी उभे करून सांगितली तर चटकन समजते.

शिवाय या काळात गावोगावच्या विहारांत सायंकाळी ग्रंथवाचन असते व मुले येतातच. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हे साधारण नव्वद दिवस होतात. भाज्यांचा हिशेब या नव्वद दिवसांत अगदी नीट बसतो. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत काढणीला येते. भेंडी पंचेचाळीस-पन्नास दिवसांत लागते. मूग साठ ते सत्तर दिवसांत शेंगांवर येऊन वाळतो. म्हणजे पहिल्या दिवशी टोकलेल्या बियांचे फळ मुलांना वर्षावास संपण्यापूर्वी हातात मिळते. लहान मुलाचा धीर लांबचा नसतो, म्हणून सुरुवात मेथी व सांबार यांनी करावी आणि वांग्यासारखे सावकाश पीक नंतर घ्यावे.

आपली जमीन बहुतेक काळी, चिकण आहे. ती पाणी धरून ठेवते व मुळे सडतात. म्हणून पावसाळ्यात वाफे वीतभर उंच, गादीसारखे करावेत. वाफा दहा फूट लांब व चार फूटच रुंद ठेवावा, म्हणजे मुलांचे हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोहोचतात आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. कुंपणावर दोडका व कारले, कडेला झेंडू, कोपऱ्यात शेवगा लावावा. जागा नसेल तर खताच्या रिकाम्या गोण्या स्वच्छ धुऊन त्यांत माती भरली तरी चालते. सरकारी सूचनांमध्येही कुंड्या व गच्चीवरील बागेला मुभा आहे.

पेरण्यापूर्वी मुलांकडून एक काम अवश्य करवून घ्यावे : उगवण चाचणी. ओल्या गोणपाटावर ओळीने शंभर बिया मांडायच्या, गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे. आठवड्याने उघडून कोंब मोजायचे. शंभरपैकी जितक्या उगवल्या तितके टक्के. सोयाबीनच्या बियाण्यास किमान सत्तर टक्के उगवण असावी लागते. मी बँकेत असल्यामुळे जून महिन्यात पीककर्जासाठी आलेल्या शेतकऱ्यांची रांग दरवर्षी पाहतो. पाऊस दडी मारतो किंवा बियाणे दगा देते, आणि दुबार पेरणीचा पैसा कोठून आणावा हा प्रश्न घेऊन तीच माणसे पुन्हा काउंटरवर येतात. पाऊस आपल्या हाती नाही, पण बियाणे तपासणे आहे. सहावीच्या मुलीने घरी गोणपाट ओले करून बापाचे बियाणे पेरणीपूर्वी तपासले, तर त्या शाळेच्या बागेने आपले काम केले असे म्हणता येईल.

पावसाळ्यातील आणखी दोन निरीक्षणे सांगतो. मूग किंवा चवळीचे एक झाड फुलावर असताना मुळासकट हलकेच उपटावे व मुळे पाण्यात धुवावीत. मुळांवर बारीक गाठी दिसतात. नखाने गाठ फोडली आणि आत गुलाबी-लाल रंग दिसला, तर तेथे जिवाणू हवेतील नत्र धरून झाडाला देत आहेत असे समजावे. तुरीत मूग का घ्यायचा हे आजोबांना अनुभवाने माहीत होते. नातवाला त्याचे कारण डोळ्यांनी दिसते.

दुसरे निरीक्षण वेलींचे. गंगाफळाची फुले पहाटे उमलतात, दोडक्याची व दुधी भोपळ्याची सायंकाळी. नराचे फूल नुसत्या देठावर असते, मादीच्या फुलाखाली इवलेसे फळ आधीच असते. मधमाशी किंवा पतंग यांनी पराग पोहोचविला नाही तर ते इवले फळ पिवळे पडून गळते. माझ्या घरामागे गल्लीतील आठ मुलांनी लावलेल्या गंगाफळाची पहिली तीन फळे अशीच गळाली. एका मुलीला वाटले, कोणाची तरी नजर लागली. आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे नराचे फूल तोडून मादीच्या फुलावर हलकेच टेकवले आणि ते फळ टिकले. अंधश्रद्धेवर मी एक तास भाषण केले असते तरी त्या मुलीला जे पटले नसते, ते त्या एका फळाने पटवले.

हिवाळा : प्रयोगाचे दिवस

ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की पालक, मेथी, मुळा, गाजर, टोमॅटो आणि हरभरा यांचे दिवस येतात. टोमॅटो व वांगी यांची रोपे चार-पाच आठवडे आधी एका कोपऱ्यात तयार करावीत. हे दिवस तुलना करण्यासाठी उत्तम, कारण आकाश स्वच्छ असते व पाणी आपण मोजून देतो.

हरभऱ्याच्या दोन ओळी घ्याव्यात. महिनाभराने एका ओळीचे शेंडे खुडावेत, दुसरीचे तसेच ठेवावेत. खुडलेल्या झाडांना फांद्या फुटतात. शेवटी दोन्ही ओळींचे घाटे मोजावेत. खुडलेला पाला वाया जात नाही, त्याची भाजी सर्वांना ठाऊक आहे. घाटे अळी दिसू लागली की वाफ्यात इंग्रजी टी अक्षरासारखे काठ्यांचे पक्षीथांबे उभारावेत. कोतवाल व साळुंकी त्यावर बसतात आणि अळ्या टिपतात. मुलांनी रोज एकाच वेळी पंधरा मिनिटे बसून पक्षी मोजावेत व अळ्याही मोजाव्यात. 'पक्षी शेतकऱ्याचा मित्र आहे' हे वाक्य पाठ करण्याऐवजी ते तपासून पाहता येते.

उन्हाळा : जपणुकीचे दिवस

शाळेच्या बहुतेक बागा कोठे मरतात, तर मे महिन्यात. सुटी लागते, पाणी बंद होते आणि जूनमध्ये काटक्या उरतात. यावर उपाय असा की, उन्हाळ्यात भाजी घेऊच नये. मार्चअखेर वाफे मोकळे करून बी धरावे, राखेत घोळून बाटलीत भरावे, बाटलीवर नाव व तारीख लिहावी. उरलेला पालापाचोळा खड्ड्यात शेणकाल्याबरोबर थर लावून कुजत घालावा. शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशा टिकाऊ झाडांच्या बुडाशी पाचोळ्याचे जाड आच्छादन द्यावे आणि शेजारी एक मडके गळ्यापर्यंत पुरून ठेवावे. मडके पाझरते तेवढेच पाणी मुळे घेतात. माती ओली असली की पाझर मंदावतो. आठवड्यातून दोनदा मडकी भरायची पाळी जवळ राहणाऱ्या कुटुंबांनी वाटून घेतली तर झाडे तगतात.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या बाजूला, विहिरीचे पाणीच खारे असते. तेथे शाळेच्या छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत धरण्याची सोय आधी करावी आणि मग बागेचा विचार करावा. नाजूक घेवड्यापेक्षा बीट, पालक तेथे बरे तग धरतात. दोन कुंड्यांत एकच बी लावून एकीला खारे व एकीला पावसाचे पाणी घातले, तर आपल्या पट्ट्याचे दुखणे मुलांना नकाशाविना समजते.

निंबोळ्या आपल्याकडे जून-जुलैमध्ये पिकून पडतात. त्या लगेच लावाव्या लागतात, कारण ठेवल्या की त्यांची उगवणशक्ती झपाट्याने जाते. त्यामुळे उन्हाळ्याचा शेवटचा आणि पावसाळ्याचा पहिला कार्यक्रम एकच : निंबोळ्या वेचणे.

वाफ्याचे पासबुक

माझ्या धंद्याची सवय म्हणून मी मुलांना प्रत्येक वाफ्याचे पासबुक करायला लावले. साध्या वहीच्या पानावर पाच रकाने : तारीख, काम, पाणी किती बादल्या, खर्च, उत्पन्न. उत्पन्न वजनात लिहायचे व त्या दिवशीच्या बाजारभावाने पैशात. दहा बाय चार म्हणजे चाळीस चौरस फूट. वांगी दोन-दोन फुटांवर लावली तर रोपे किती? दहा. त्यांतली दोन मेली तर शेकडा किती नुकसान? ज्या अपूर्णांकांच्या तासाला मी बादल्या वाहिल्या, तो तास त्या वाफ्यातच दडलेला होता. तो उलगडून दाखविणारे मात्र कोणी नव्हते.

या पासबुकाने आणखी एक गोष्ट होते. आठवडाभर पाणी घातल्याची नोंद पाहिली की आईच्या मजुरीची किंमत मुलाला कळते. एका मुलाने हिशेब करून मला विचारले, "काका, एवढं करून मेथीची जुडी इतक्या स्वस्तात कशी काय विकते?" या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अर्थशास्त्राच्या पदवीधरालाही सोपे नाही. पण तो प्रश्न सातवीतल्या मुलाच्या तोंडून आला याचा मला फार आनंद झाला.

कुंपणापलीकडे

बाग जमली की मुलांना कुंपणाबाहेर न्यावे. त्यासाठी मोठी सहल लागत नाही. फाल्गुनात गावाबाहेरचा पळस, चैत्र-वैशाखात बहावा, पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी दाखवावीत. घरटे नर विणतो आणि मादी पाहून पसंत करते, हे ऐकून मुली खुदकन हसतात. एकच झाड निवडून वर्षभर दर पंधरवड्याला त्याची नोंद ठेवली, तर त्याची पानगळ, पालवी, फूल व फळ यांचे वेळापत्रक तयार होते.

जिल्ह्यातील मोठी स्थळेही याच डोळ्यांनी पाहावीत. बेसाल्ट खडकात उल्काघाताने झालेले लोणारचे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. २०२० साली त्या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जून महिन्यात पाणी गुलाबी झाले तेव्हा नाना तर्क लढविले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की, क्षार वाढल्याने खारे पाणी मानवणारे सूक्ष्मजीव बळावले व रंग त्यांचा आहे. ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून एक तरुण वाघ पोहोचला. गळ्यातील रेडिओ पट्ट्यामुळे त्याचा तेराशे किलोमीटरहून अधिक प्रवास नोंदला गेला. तो कोणकोणत्या शेतांतून, नाल्यांतून व रस्त्यांवरून आला असेल, हे नकाशावर शोधणे हाच एक उत्तम तास आहे. ज्या मुलाने वाफ्यात अळी व पक्षी मोजले आहेत, त्याला सरोवर आणि वाघ हे केवळ फोटो काढण्याचे विषय वाटत नाहीत.

काही खबरदारी

पावसाळ्यात गवतात हात घालण्यापूर्वी काठी आपटावी, पायांत बूट असावेत. गाजरगवत उघड्या हातांनी उपटू देऊ नये, अंगाला खाज येते. धोतरा व गुंज यांच्या बिया विषारी आहेत, त्या ओळखायला शिकवाव्यात. मुलांच्या बागेत रासायनिक फवारणी करू नये. कीड आल्यास पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून शिंपडावी.

मात्र कीटकनाशकाचे लेबल वाचायला मुलांना जरूर शिकवावे. २०१७ साली विदर्भात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. डब्यावरच्या चौकोनातील लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यामानाने सौम्य, हा क्रम आज कित्येक फवारणाऱ्या हातांना माहीत नाही. तो त्यांच्या मुलांना माहीत झाला, तर घरात एक वाचणारा तयार होतो. रिकामा डबा पाण्यासाठी किंवा धान्यासाठी वापरायचा नाही, हेही मग तेच मूल घरी बजावते.

समारोप

त्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर मला आता असे द्यावेसे वाटते. ताई, तुमच्या मुलाला मातीत हात घालायला लावणारी शाळा चार कसोट्यांना उतरत नसेल, तर तुम्ही त्याला पाठवू नका, आणि आम्ही तुमच्याबरोबर शाळेत येऊन तसे सांगू. पण उतरत असेल, तर अवश्य पाठवा. तुमच्या हातांना जे येते ते तुम्हाला कोणी वहीत लिहू दिले नाही. तुमचा मुलगा ते लिहील. तो शेती करील, नोकरी करील, की आणखी काही, ते त्याचे त्याने ठरवावे. पण त्याला मातीची लाज वाटू नये, आणि मातीखेरीज दुसरी वाट नाही असेही वाटू नये.

संस्थेच्या सभासदांना माझी एक नम्र सूचना आहे. बहुतेक विहारांच्या आवारात दहा बाय चारचे दोन वाफे बसतील एवढी जागा असते. येत्या आषाढ पौर्णिमेला तेथे मुलांच्या हातून बी टोकावे. शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, आणि ज्या आयाबायांना बी किती खोल पुरायचे हे पुस्तकाविना ठाऊक आहे, त्यांना शिक्षिका म्हणून मानाने बोलवावे. आश्विन पौर्णिमेला त्या वाफ्यातील भाजी सर्वांनी मिळून शिजवून खावी आणि मुलांनी आपले पासबुक सभेत वाचून दाखवावे.

गेल्या वर्षी त्या ताईंचा मुलगा आलाच. आईला न सांगता येत होता, हे मला नंतर कळले. शेवटच्या रविवारी तो ओंजळभर चवळीच्या शेंगा आणि वही घेऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी ताई फाटकाशी थांबल्या व म्हणाल्या, "भाऊ, त्यानं मले इचारलं, आई, तुले कसं कळते कोणती शेंग बियाले ठेवायची? मी सांगितलं, तर त्यानं लिहून घेतलं." एवढे बोलून त्या कामावर निघून गेल्या.

या वर्षी त्यांना शिकवायला बोलवायचे ठरविले आहे.